धारेच्या वेळेचा समुद्र

समुद्रावर मी एकदाच गेले, तासभर. त्यातली पहिली पाच मिनिटं सोडली तर बाकी वेळ मोबाईलकडे बघण्यात गेला. समुद्र मी घरी आल्यावर पाहिला, लेकीनं काढलेल्या व्हिडिओत. त्यात मी नारिंगी जाकीट घालून स्पीडबोटीत बसलेली आहे, पदर कमरेला खोचलेला, मान खाली. माझ्या पाठीमागून मुंबईच्या उंच इमारती चालल्यात, जहाजं चाललीत, पांढरे पक्षी बोटीच्या मागं लागलेत. लेक ओरडतेय, "आई, वर बघ ना." मी काही वर बघत नाही.

हे असं का झालं ते सांगायचं तर गाईपासून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं. लग्नात वडिलांनी मला एक कालवड आंदण दिली. काळी-पांढरी, म्हणून तिला बांडी म्हणायचे. माझ्या मागोमाग दोन दिवसांनी ती टेम्पोतून सासरी आली. आमचं हे गाव नगरपासून जवळ, पण कोरडवाहू. पाऊस बेताचा, त्यामुळं घरोघरी दुधावर प्रपंच. बांडी व्याली तेव्हा सासूबाई धारेला बसल्या, तर तिनं लाथ मारून बादली उडवली. मी बसले, तर कासेला हात लागायचा अवकाश, घळाघळा पान्हा सोडला. सासूबाई गोठ्यातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हायेरची गाय हाय, म्हायेरच्याच हाताला सोडती." मी तेव्हा वीस वर्षांची होते. सासरी येऊन माझं कौतुक असं पहिल्यांदाच झालं होतं. तो आठवडाभर मी हवेत होते.

ती बांडी कधीच गेली. मग तिची लेक, मग नात, आता पणती आहे. सगळ्यांना आम्ही बांडीच म्हणतो. घरात आणखी तीन गाई आहेत, त्यांना मशीन लावतात आणि ते काम नवरा बघतो. बांडीच्या घराण्याला मशीन चालत नाही. ती माझ्या हातानंच पिळायची, असं घरात ठरून गेलं होतं. तीस वर्षांत गाई चार झाल्या, हात तोच राहिला.

सकाळची धार साडेपाचला, संध्याकाळची पाचला. मधले अकरा तास मला जग मोकळं होतं. ज्यांच्या घरी दुभतं नाही त्यांना अकरा तास म्हणजे लई वाटतील. सोनईला बहिणीच्या घरभरणीला गेले, वास्तुशांतीच्या पंगतीला न बसता निघाले. भावाच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी हातात लाडवाची पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर. हिवरे बाजार बघायला आमच्या बचत गटाची गाडी गेली तेव्हा तिथला माणूस पाण्याचं सांगतोय आणि मी घड्याळ बघतेय. बाळंतपणं माझी इथंच झाली. त्या सव्वा महिन्यात सासूबाई माझी वापरलेली साडी अंगाला गुंडाळून बांडीखाली बसायच्या, म्हणजे वासानं तरी गाय फसेल. "फसली, पर लई तरास दिला," असं त्या नंतर सांगायच्या. मला टायफॉईड झाला तेव्हा सासूबाई राहिल्या नव्हत्या. अंगात ताप असताना नवऱ्यानं मला खांद्याला धरून गोठ्यात आणलं, पाटावर बसवलं आणि मी कलंडू नये म्हणून धार होईपर्यंत मागं उभा राहिला. किती जपतो, असं मला वाटलं होतं. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आणि वडील. ते गेल्याचा फोन दुपारी चारला आला. भाऊ म्हणाला, तू येईपर्यंत थांबवतो, पण दिवस मावळायच्या आत न्यावं लागेल. मी पायात चप्पल घातली होती. नवरा म्हणाला, "बांडीचं काय? कास दगडी व्हईल. इस मिनटं लागत्यात, पिळून घे, मग निघू." मी रडत रडत धार काढली. रडणाऱ्या माणसाला गाय लवकर सोडत नाही, तास गेला. मोटारसायकलवरून आम्ही पुणतांब्याला पोचलो तर अंगणात नुसती पाण्याची ओल आणि गोवऱ्यांचा धूर होता. आई म्हणाली, "आत्ता नेला गं, आत्ता." घाटाकडून धूर वर निघालेला मी ओट्यावरून पाहिला. तोंड बघायला मिळालं नाही. मी कुणाला दोष दिला नाही. गाय वडिलांनीच दिलेली, तीच त्यांच्या आड आली, असं मनाशी म्हणत राहिले.

नवऱ्याला मात्र कधी कुठली अडचण आली नाही. त्याच्या गाईंना मशीन. तो नसला की ते लावायला दीर यायचा. नवरा डेअरीच्या सहलीला गेला, मित्रांबरोबर गेला, कोकणात गेला, गोव्याला गेला. समुद्र त्यानं तीन वेळा पाहिलाय. येताना शिंपल्यांची डबी आणायचा, ती मी टीव्हीच्या शेजारी ठेवायची. मी विचारायची, समुद्र कसा असतो? तो म्हणायचा, "पानीच पानी. काय बघायचं त्यात?"

माझी लेक मुंबईला एका दवाखान्यात नर्स आहे. मला पन्नास पूर्ण झाली त्या वर्षी तिनं फोन केला. "आई, स्पीडबोट बुक केलीये. धक्क्यावरून निघते आणि सगळं शहर समुद्रातून दाखवते. माझ्याबरोबर तुझी आणि पप्पांची, दोन तिकिटं. तीन दिवस राहायचं. बांडीचं कारण सांगायचं नाही." मी बांडीचंच कारण सांगितलं. ती फोन ठेवून रडली, असं तिच्या मैत्रिणीनं मला नंतर सांगितलं.

मग तयारी सुरू झाली. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, मी बसते की. तुमची साडी द्या." मी चार दिवस अंगावर वापरलेली निळी साडी तिला दिली. गाईला कळू नये म्हणून तिनं डोक्यावरून पदरही माझ्यासारखा घेतला, आणि आम्ही बायका हसून हसून लोटपोट. बांडीनं तिला एक वेळ हुंगलं, दुसऱ्या वेळी पाय उचलला आणि तिसऱ्या दिवशी बादली भिंतीला नेऊन आपटली. नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "म्हन्लं व्हतं का न्हाई? तिला तूच लागती." थोडं थांबून म्हणाला, "तू ऱ्हा. मी जाऊन येतो. पोरीला वाईट वाटाय नको."

मी यालाही हो म्हणाले असते. खरंच म्हणाले असते. पण लेकीनं फोनवर त्याला सांगितलं की आई येणार नसेल तर तुम्हीही येऊ नका, मी दोन्ही तिकिटं फाडून टाकते. तसं ती बापाला कधी बोलली नव्हती. शेवटी ठरलं की मी जायचं, तो राहणार. निळी साडी मी घडी करून गोठ्यातल्या खुंटीवर टांगली. "हिला अंगाभवती घ्या," मी त्याला शिकवलं, "आधी सरकी ठेवा, पाठीवर हात फिरवा, मग कासंला हात लावा. बोलत ऱ्हावा तिच्याशी." तो म्हणाला, "सोडील न सोडील. बघू." मी गाईच्या कपाळाला हात लावला आणि तिची माफी मागितली. माणसांची मागायला वेळ मिळाला नाही.

त्या दिवशी पहाटे चारलाच धार काढून मी निघाले. नगरहून सातची एसटी, दुपारी दोनला मुंबई. लेक थांब्यावर आली होती. तिनं मला आधी जेवायला घातलं, मग साडी बदलायला लावली, केसात गजरा माळला. बोट पाचची होती. तिला बिचारीला काय माहीत, पाच म्हणजे काय. तिनं मावळता सूर्य दिसावा म्हणून ती वेळ घेतली होती.

धक्क्यावर पायऱ्या शेवाळलेल्या. खाली बोट वरखाली होत होती. बोटवाल्यानं हात दिला आणि म्हणाला, "मावशी, पदर खोचा, वारा जोरात असतो." जाकिटाचे पट्टे त्यानंच आवळले. आम्ही बोटीत दहाजण, माझ्या शेजारची जागा रिकामी. लेकीनं पप्पांचं तिकीट परत केलं नव्हतं. बोटवाल्यानं त्या जागेवर आपली डब्याची पिशवी ठेवली. बोट सुटली तसा पुढचा भाग एकदम वर उचलला गेला आणि मी लोखंडी दांडी घट्ट धरली. पाणी निळं नव्हतंच. पूर आलेल्या गोदावरीसारखं गढूळ होतं, फक्त पलीकडचा काठ नव्हता. तोंडावर तुषार आले, ते खारट लागले. हे पहिल्या पाच मिनिटांतलं मला आठवतं, कारण तेवढंच मी पाहिलं. मग मी लेकीच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. सव्वापाच.

माझी बोटं आपोआप वळायला लागली. तीस वर्षं त्या वेळेला माझ्या हातात सड असतात. मी मूठ उघडत होते, मिटत होते. बोटवाला माईकवर सांगत होता, उजवीकडे बघा ते मोठं हॉटेल, डावीकडे बघा ती नौदलाची जहाजं, समोर तो समुद्रावरचा पूल. सगळ्यांच्या माना उजवीकडे वळायच्या, मग डावीकडे वळायच्या. मी नवऱ्याला फोन लावला. वाऱ्यात काही ऐकू येईना. मी ओरडून विचारलं, "सोडलं का?" तो काहीतरी बोलला. मी पुन्हा ओरडले, "सोडलं का म्हन्ते."

"न्हाई सोडलं," तो म्हणाला. तेवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं. "लई बघितलं. काय करावं आता?"

समोरच्या बाकावर एक जोडपं होतं. बाईनं लेकीला हळूच विचारलं, "कोण ॲडमिट आहे का?" लेक म्हणाली, "गाय." ते जोडपं हसलं. त्यांचं काही चुकलं नाही, मीही हसले असते. पण मी त्या वेळी डोळ्यांसमोर बांडी बघत होते. कास तटतटलेली, मागचे पाय फाकलेले, दाराकडे तोंड. मी दर पाच मिनिटांनी फोन लावत राहिले. शेक द्या, मी सांगत होते. साडी गुंडाळली का, नीट गुंडाळा. वासरू जवळ आणा. तो "व्हय, व्हय" म्हणायचा. सूर्य पाण्यात बुडाला म्हणे. बोटवाल्यानं त्यासाठी बोट थांबवली होती, सगळे उभे राहून फोटो काढत होते. मी बसून होते, माझी रेंज गेली होती.

धक्क्याला उतरल्यावर मी लेकीला म्हणाले, मला सकाळच्या गाडीत बसवून दे. तिनं पुढच्या दोन दिवसांचं सगळं ठरवलं होतं. केसातला गजरा मी काढून तिच्या हातात दिला तेव्हा ती म्हणाली, "आई, तू कधी आलीच नव्हतीस." सकाळी तिनं मला एसटीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि गाडी सुटायची वाट न बघता निघून गेली.

गावात उतरले तेव्हा पाचला थोडा अवकाश होता. पिशवी ओट्यावर टाकून तशीच गोठ्याकडे धावले. दाराशी जाईपर्यंत आवाज आला. ज्यानं आयुष्यभर धार काढलीय त्याला तो आवाज सांगायला नको. बादली रिकामी असताना दूध पत्र्यावर वाजतं, भरत आली की जाड, फेसाळ आवाज येतो. हा भरत आलेल्या बादलीचा आवाज होता.

नवरा बांडीखाली बसला होता. अंगात रोजचा सदरा, डोक्याला टोपी. दोन्ही हात सरावल्यासारखे एका लयीत चाललेले. बांडी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. माझी निळी साडी खुंटीवर मी टांगली तशीच होती, घडीसुद्धा मोडली नव्हती.

मी दारात उभी राहिले. त्यानं मान वर केली. हात थांबले नाहीत.

"आलीस? दोन दिस ऱ्हायची व्हतीस ना?"

"कवापासून सोडती ती तुमच्या हाताला?"

तो बादलीत बघत राहिला. "सोडतीच की. रोज मीच वैरन घालतो, मीच पानी दावतो. मला वळखती."

"कवापासून इचारलं मी."

"पयल्यापासून," तो म्हणाला. "हिच्या आईपासून. तिच्याबी आईपासून."

"मग काल फोनवर काय सांगत व्हता?"

"घरात करमंना. तू इचारलंस, म्हनून म्हन्लं."

मला वाटतं तो तेव्हा खरं बोलत होता. घरात त्याला करमलं नसेल. चहा कुणी दिला नसेल. पण मला त्या क्षणी त्याच्या करमण्याचं काही पडलेलं नव्हतं. मी विचारलं, "माझा बाप गेला तवा? तवाबी सोडत व्हती?"

त्याचे हात थांबले. मग बादली उचलली, तिच्यावर फडकं टाकलं आणि खाली बघत म्हणाला, "तूच सगळ्यांना सांगायचीस, माझ्याच हाताला सोडती म्हनून. तुला बरं वाटायचं. मी कशाला मोडू?"

यातली चीड आणणारी गोष्ट ही की त्यात खोटं काही नव्हतं. मी सांगायचेच. लग्नातून उठताना सांगायचे, बचत गटात सांगायचे, पुणतांब्याच्या बायकांनाही सांगितलं असेल, वडिलांच्या दहाव्यालासुद्धा. वीस वर्षांच्या सुनेला मिळालेलं ते एक कौतुक मी आयुष्यभर मिरवत आले. त्यानं फक्त ते मोडलं नाही. पण टायफॉईडमध्ये माझ्या मागं उभं राहताना त्याला माहीत होतं, आणि वडिलांच्या दिवशी मी रडत सड ओढत होते तेव्हाही तो तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. हात रिकामे होते त्याचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाटावर बसले. कासेला हात लावला. बांडीनं नेहमीसारखा पान्हा सोडला, सड भरून आले. मी चार-सहा धारा बादलीत काढल्या, हात मागं घेतले आणि उठले. तो मशीन धूत होता.

"मला सोडत न्हाई ती," मी म्हणाले.

त्यानं बांडीच्या कासेकडे पाहिलं. सडांतून दूध आपलं आपण टिपकत होतं. ते त्यालाही दिसत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग तो हात पुसून पाटावर बसला. तेव्हापासून दोन्ही वेळची धार तोच काढतो. गावात मी सांगून ठेवलंय की पोरीकडे एक दिवस जाऊन आले तर गाय मला विसरली. बायका हळहळतात.

मी मोकळी झाले, पण लगेच कुठं जाऊ हे सुचेना. लेकीला फोन केला की पुन्हा येते, बोट बुक कर. ती म्हणाली, बघू, सध्या ड्युटी लई आहे. ती अजून बघतेच आहे.

पाच महिन्यांनी त्याच्या मित्रांची कोकणची सहल निघाली. सकाळी आठला जीप दारात आली. त्यानं नवा शर्ट घातला होता, पिशवी भरली होती. अंगणात माझ्याजवळ येऊन, मित्रांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो म्हणाला, "दोन दिस तेवढं बांडीचं बघतीस का?"

"माझ्या हाताला सोडत न्हाई," मी म्हणाले.

तो उभा राहिला. जीपमधून हॉर्न वाजला. त्यानं जाऊन काहीतरी सांगितलं, पिशवी परत आणून ओट्यावर ठेवली. जीप गेली.

"पानीच पानी," मी म्हणाले. "काय बघायचं त्यात?"

हे वाक्य मी पाच महिने तोंडात धरून ठेवलं होतं. वाटलं होतं, बोलले की छाती हलकी होईल. तो आत गेला, नवा शर्ट काढून रोजचा सदरा घालून आला. त्या दिवशी पाचला मी ओट्यावर बसून होते. गोठ्यातून बादली भरत आल्याचा आवाज येत होता. मी डोळे मिटून वडिलांचं तोंड आठवायला बघत होते. मला ते लग्नातलं आठवलं, टेम्पोत कालवड चढवतानाचं आठवलं. शेवटचं कुठून आठवणार, ते मी पाहिलंच नाही.